मामाचा पेद्रू

चॉकलेट खाऊन खूश होणारी माणसं जगात कोट्यवधी असतील, पण चॉकलेटचा कागद उलगडण्याआधीच ज्याचा आवाज खाली येतो, पाठ सरळ होते आणि चेहऱ्यावर गाभाऱ्यात पाऊल टाकल्याचा भाव येतो, असा माणूस मी आजवर एकच पाहिला आणि तो माझा सख्खा मामा आहे. आचऱ्याला राहतो. घरात लुंगी-बनियनवर असतो. मात्र कोणी परगावचा पाहुणा येणार असं कळलं की त्या बनियनवर नोकरीतला निळा टाय चढवतो. एकदा पोस्टमन पार्सल घेऊन आला तेव्हा मामा टाय लावून माडाच्या आळ्यात शेणखत घालत होता. पोस्टमनने विचारलं, "मामानु, लगीन आसा काय कोणाचा?" मामा म्हणाला, "गिऱ्हाईक कधी येयत ता सांगान येयत नाय रे. आपण तयार रवाक व्हया."

मामा सातवी शिकला, मुंबईला गेला आणि तिथून आखातातल्या एका विमानतळावर पोचला. सुरुवातीला तिथल्या दुकानात खोकी उचलत असे. पुढे साहेबांच्या लक्षात आलं, की हा माणूस खोकं उचलतानासुद्धा आत तान्हं मूल झोपलेलं असावं तसं उचलतो. त्यांनी त्याला काचेच्या एका कपाटासमोर उभं केलं. कपाटात सोनेरी कागदातलं एक नामांकित परदेशी चॉकलेट असे. त्या कपाटासमोर मामा तीस वर्षं उभा राहिला. चॉकलेटचं नाव मी इथे लिहीत नाही. फुकट जाहिरात मामाला खपत नाही, आणि तो हा लेख वाचणार आहे.

मी बी.ए. झाले तेव्हा मामाने तिकडून त्याच चॉकलेटचं खोकं पाठवलं. आमच्या दोन्ही घराण्यांत कॉलेजची पायरी चढून ती पुरी उतरलेली मी पहिली. माझे वडील माडावर चढून नारळ काढायचे, आणि आई अजूनही अंगठा उठवते. खोक्यात बारा चॉकलेटं होती आणि वाडीत माणसं साठ. आईने आडाळी, म्हणजे विळी, काढली आणि प्रत्येक चॉकलेटचे पाच तुकडे केले. वाडीतल्या प्रत्येकाला नखाएवढी बी.ए. मिळाली. मामाला हे फोनवर कळलं तेव्हा त्याने ते दोनदा वदवून घेतलं. मग तो म्हणाला, "आडाळयेन? गो, त्या चॉकलेटाक इतिहास आसा. इतिहास काय आडाळयेन कापतत?"

हा इतिहास गावात सगळ्यांना पाठ आहे. कंपनीने विक्रेत्यांना एक पुस्तिका दिली होती, आणि सातवी पास मामाने ती इंग्रजी पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत घोकली होती. सुटीवर आला की तो ती मालवणीत सांगे. सत्यनारायणाला प्रसाद घ्यायला बसलेली माणसं प्रसादाबरोबर हीही कथा ऐकून उठत. "एक गाव. इतक्या थंड, की माणूस बोलाक लागलो तर शब्द तोंडाफुडे गोठान ऱ्हवत. थंय एक म्हातारी. तिचो झील लढायेर गेलेलो. घरात पाच नातवां, चुलीर काय नाय. तिना काय केल्यान? उरलेली साखर घेतल्यान, मूठभर बदाम घेतल्यान, वायच कोको घेतल्यान..." इथे मामी न चुकता आतून ओरडे, "पाच पोरां उपाशी, नि ही चॉकलेट करीत बसली? पेज घालूची सोडून? आजी काय कोण ती!" मामा डोळे मिटून थांबे आणि मामीचं संपलं की नेमक्या त्याच शब्दापासून पुढे सुरू करी.

निवृत्तीच्या आधी कंपनीचा एक मोठा अधिकारी दुकानात आला होता. मामाने त्याला तो इतिहास तोंडपाठ म्हणून दाखवला, तेव्हा अधिकारी हसला. चहा घेता घेता त्याने सांगितलं, की तशी आजी कधी नव्हतीच. कंपनी काढली दोन व्यापाऱ्यांनी, पुढे ती दोनदा विकली गेली, आजीची गोष्ट एका जाहिरातवाल्याने लिहिली, आणि पुस्तिकेतला म्हातारीचा फोटो पैसे देऊन काढलेला. दुसरा कोणी असता तर त्याला वाईट वाटलं असतं. मामा त्या दिवसापासून आजीसमोर जास्तच नम्र झाला. मला म्हणाला, "बघ गो. नसलेल्या आजयेन इतक्या माणसांचा पोट भरल्यान. असलेली काय करीत होती? आमचीच आजी घे. चार गाळी दिल्यान नि मेली."

तिथून गावी परतला तो हे ज्ञान घेऊनच, आणि जो समोर येईल त्याला ते वाटत सुटला. मासळीबाजारात बांगडे घेऊन बसणाऱ्या बाईला म्हणाला, टोपलीत पाचच ठेव, मध्ये जागा सोड आणि भाव ओरडू नकोस. ती म्हणाली, "मामानु, तुमच्या चॉकलेटाक सोन्याचो कागद. माझ्या म्हावऱ्याक वास. वास काय थांबता? सरा बाजूक, सावली पडता." जत्रेत त्याने गुळाच्या खाजाची रास घालून बसलेल्या एका खाजेवाल्याला पटवलं. रास मोडली, लाल कापड अंथरलं आणि काचेच्या पेटीत खाजाच्या तीन कांड्या ठेवल्या. दुपारी खाजेवाला घरी आला, कपाळाला हात लावून. "मामानु, लोकां येतत, खाजाच्या पाया पडतत नि फुडे जातत. इकत घेणारो एक नाय. माका माझी रास परत घालू दे."

आता मुख्य गोष्ट. मामाच्या न्हाणीच्या मागे, माड-पोफळीच्या सावलीत, सहा-सात झाडं होती. कुठल्याशा रोपवाटिकेतून फुकट मिळाली म्हणून मामीने कधी काळी लावलेली. त्यांच्या खोडालाच पिवळी-तांबडी फळं लागत. ती खारी खात, उरलेली मामी शेणखतात टाकी. निवृत्त होऊन आल्यावर मामा एकदा तिथे दात घासत उभा राहिला आणि ब्रश तोंडात तसाच ठेवून थिजला. पुस्तिकेच्या तिसऱ्या पानावरचं फळ त्याच्याच न्हाणीमागे लोंबत होतं. ज्या कोकोपायी तो तीस वर्षं घरादारापासून दूर काचेसमोर उभा राहिला, तोच कोको त्याची बायको इथे खतात टाकत होती. हे सांगताना लोक अजून हसतात. मला हसू येत नाही.

मग मामीने चॉकलेट केलं. हे वाक्य मी मुद्दाम असं लिहिते आहे. मामाने पुस्तिका वाचून दाखवली, चॉकलेट केलं मामीने. फळं फोडून बिया केळीच्या पानात दडपून आंबवल्या, खळ्यात वाळवल्या, खापरीत भाजल्या, पाखडल्या आणि ओल्या वाटणाच्या यंत्रात दोन दोन दिवस फिरवल्या. पहिल्या वर्षीचं चॉकलेट घरच्या मांजराने हुंगलं आणि ते दोन दिवस घरी आलं नाही. दुसऱ्या वर्षीचं दगडासारखं झालं. तिसऱ्या वर्षी मामीने त्यात सुकवलेल्या आमसुलाची बारीक पूड घातली आणि पहिला तुकडा माझ्या तोंडात ठेवला. मी कौतुकाला महाग बाई आहे. पण त्या तुकड्यानंतर मी दुसऱ्यासाठी हात पुढे केला. आधी कडू, मग आंबट, आणि गोड सगळ्यात शेवटी, तेही जेमतेम. मामी म्हणाली, "जमला काय गो?" मी मान हलवली. मामाने टाय काढून आणला.

आणि तिथेच मी आडवी आले. मामा म्हणाला, "गो बी.ए., आता इतिहास लिवन दी."

"कसलो इतिहास, मामा? मामीन बियो भाजल्यान, मांजर पळाला. ह्योच इतिहास."

"ही गजाल झाली. इतिहासात बोट व्हयी, वादळ व्हया नि एक मेलेलो माणूस व्हयो. चॉकलेट आधी कानान खातत गो, मगे तोंडान."

मी कणकवलीच्या एका शाळेत मराठी शिकवते. पोरांच्या निबंधांवर लाल शाई ओतण्यापलीकडे माझ्या भाषेला तोवर काही काम मिळालं नव्हतं. मी दोन रविवार बसले आणि पेद्रूला जन्म दिला. पेद्रू हा फिरंगी खलाशी. त्याचं जहाज आमच्या किनाऱ्यावर फुटतं आणि तो वाळूत येऊन पडतो. 'सागराने ज्याचे सर्वस्व हिरावले, त्याला या भूमीतील एका माउलीने पेजेची वाटी दिली. निरोप घेताना पेद्रूने तिच्या ओंजळीत सात बिया ठेवल्या. त्या सात बियांची ही सात पिढ्यांची गोड कृतज्ञता.' यातला एक शब्दही खरा नाही. पण 'गोड कृतज्ञता' लिहून झालं तेव्हा मला स्वतःलाच गहिवरून आलं. मामाने तर ते वाचून टायने डोळे पुसले.

मामीने मला दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "पेजेची वाटी? बोट फुटलेल्या माणसाक वाटयेन पेज? असली कसली माउली, चिकट?" आणि थोड्या वेळाने, खापरी घासता घासता, "नि मी खंय आसंय ह्यात?"

"माउली म्हणजे तूच ना, मामी."

"माझा नाव माउली नाय. सुलोचना."

मी म्हटलं, खोक्यावर जागा कमी आहे. जागा कमी होती हे खरं, पण पेद्रूच्या दाढीचं वर्णन मी दोन ओळी केलं होतं.

खोकी छापून आली आणि पेद्रू चालला. पर्यटक येत, खोकं हातात घेत, वाचत, "हो का!" म्हणत आणि दोन दोन घेऊन जात. त्यांतलं एक खोकं पुण्याच्या एका भेटवस्तूंच्या कंपनीत पोचलं आणि तिथून पत्र आलं. कंपनीचं दुकान गोव्याच्या नव्या विमानतळावर उघडणार होतं. तिथल्या चॉकलेटच्या कपाटात ठेवायला दोनशे खोकी हवी होती. अमुक तारखेला आमचा माणूस येऊन घेऊन जाईल, माल पसंत पडला तर कपाटात कायमची जागा.

मामाने ते पत्र तीनदा वाचलं आणि न्हाणीच्या मागे जाऊन झाडाखाली बसला. मी गेले तर म्हणाला, "तीस वर्सां मी कपाटाच्या भायर उभो होतंय, गो. आतला एक खोका माझा नाय. फुलबाजी धरतत ना लांबसून, तसा धरी मी ता. आता आपला आत जातला." एवढंच. त्याच्या आजवरच्या सगळ्या चऱ्हाटात मला कळलेली एकच गोष्ट ही, की या माणसाला आयुष्याकडून काचेपलीकडची वीतभर जागा हवी होती.

मामीने वर्षाचं सगळं बी भाजलं. पडवीत जुना आइस्क्रीमचा फ्रीजर आणून ठेवला होता. दोनशे खोकी त्यात रचली गेली. आणि त्याच आठवड्यात देवाने गावपळणीचा कौल दिला.

बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्या गावात दर काही वर्षांनी सगळा गाव घरं सोडून वेशीबाहेर जातो. तीन दिवस, तीन रात्री. गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी बरोबर. वेशीबाहेर झावळ्यांच्या झोपड्या घालून राहायचं. गावात दिवा नाही, चूल नाही, माणसाचा आवाज नाही. तेवढे दिवस गाव देवाचा. चौथ्या दिवशी पुन्हा कौल लावायचा, देवाने 'या' म्हटलं की परत. कंपनीचा माणूस येणार होता तो त्याच्या दुसऱ्या दिवशी.

मी म्हटलं, खोकी बर्फाच्या पेट्यांत घालून मालवणात पाठवू. गाडी लगेच मिळत होती, पण आमच्याकडे बर्फाची गाडी म्हणजे मासळीची गाडी. चॉकलेट शेजारचा वास ओढून घेतं. मामा म्हणाला, "पेद्रू बोटीतसून इलो म्हणान तेका बांगड्याचो वास येवक व्हयो काय?" कणकवलीतल्या माझ्या खोलीवरच्या फ्रीजमध्ये वीस-पंचवीस खोकी मावली असती. त्यावर त्याचं म्हणणं, की माल फोडायचा नाही. झोपडीत नेली तर उन्हाने गेली असती. शेवटी त्याने ठरवलं, की फ्रीजर चालू ठेवून घराला कुलूप घालायचं. मामीला ते आवडलं नाही. "देव गावात एकटो फिरतलो, नि तुमचा मशीन घुरघुरतला?"

"देव काय माझो फ्यूज काढूक येवचो नाय."

"तो कित्याक येतलो? तेका तेची कामां आसत."

निघायच्या दिवशी मी रजा काढून गेले होते. दुपारी सगळा गाव चालायला लागला. पाट्यांत कोंबड्या, डोक्यांवर भांडी, गाईंच्या मागे पोरं. वळणावर आल्यावर मामा थांबला आणि म्हणाला, "चष्मो ऱ्हवलो." चष्मा त्याच्या नाकावर होता. मी तसं सांगणार होते, पण तो मागे फिरलाही होता. दहा मिनिटांनी घाम पुसत परत आला. 

झोपड्यांतले तीन दिवस मजेत गेले. फुगड्या झाल्या, भजनं झाली, आणि मामाने एक रिकामं खोकं मध्ये ठेवून पेद्रूची कथा सांगितली. कथा संपल्यावर एका आजोबांनी काठी आपटली. "पेद्रू तुमच्याकडे खंय इलो? तो आमच्या घराकडे उतरलो. पेज आमच्या पणजीन दिल्यान. माझो बापूस सांगी." दुसऱ्या वाडीतले म्हणाले, पणजी तुमची, पण तांदूळ आमचे. मामा मला कोपराने ढोसून म्हणाला, "बघलंस? लागलो इतिहास." मीही हसले. वर्गात पोरांनी माझ्या शब्दांवर असं भांडण कधी केलं नव्हतं.

चौथ्या सकाळी कौल लागला नाही. देवाला आणखी एक दिवस हवा होता. अशा वेळी आमच्याकडे कोणी वाद घालत नाही, चुली परत पेटवतात. थंडीचे दिवस असूनही ऊन त्या दिवशी चटके देत होतं. मामाने ताट सरकवलं आणि झोपडीच्या सावलीत जाऊन बसला. मामी म्हणाली, "फ्रीजर चालू आसा मां? मगे तोंड कशाक तसा?" तो उन्हाकडे बघत राहिला.

पाचव्या दिवशी कौल लागला आणि परत आलो. मामीने कुलूप काढलं. पडवीत काही वाजत नव्हतं. मामी बटणाकडे गेली. मुख्य बटण खाली होतं. तिने मामाकडे पाहिलं. तो उंबऱ्यातच उभा होता.

"चष्म्याक इलंय ना, तेव्हा," तो म्हणाला. "सगळो गाव गप. कोंबडो नाय, कुत्रो नाय. माडाचा झावळसुद्धा हलत नव्हता. नि माझ्या पडवीत ता एकटा बोलत होता. माका रवाक नाय. हात गेलो."

या माणसाचं निम्मं आयुष्य दिवसरात्र न विझणाऱ्या दिव्यांखाली गेलं. खोट्या आजीच्या जोरावर त्याने जगभरच्या लोकांना चॉकलेटं विकली. आणि रिकाम्या गावात देव फिरत असताना आपलं एक यंत्र घुरघुरतंय, एवढं मात्र त्याला सोसवलं नाही. जाण्याआधी त्याने फ्रीजरवर ओली पोती टाकली होती. तीन दिवस निघतील असा त्याचा हिशेब होता, आणि तीन दिवस निघालेही असते. मामी एरवी मिठाचा खडा सांडला तरी त्याला दिवसभर ऐकवते. त्या दिवशी मात्र नाही. तिने अजून दमट असलेली पोती उचलली आणि वाळत घातली.

आत चॉकलेट वितळून परत थिजलं होतं. वड्या एकमेकींत बसल्या होत्या आणि सगळ्यावर भुरकट पांढरी झाक आली होती. वर्षाचं बी संपलेलं. कंपनीचा माणूस त्याच दुपारी आला. तरुण, नीटस, बोलायला गोड. मामा टाय लावून समोर उभा राहिला आणि आपली शुद्ध मराठी काढून बोलू लागला.

"सर, ही बुरशी नाही. आतलं कोकोचं लोणी उष्णतेने वर येतं. खायला काही अपाय नाही."

"खायला नसेल काका. पण ही तुम्ही कपाटात ठेवली असती का?"

मामाने एक वडी उजेडात धरली. तीस वर्षं सकाळी कपाट उघडल्यावर त्याचं पहिलं काम हेच, अशी झाक आलेलं खोकं शोधून बाजूला काढायचं. खोटं बोलायची त्याला तिथे एक सोपी वाट होती.

"नाही सर," तो म्हणाला. "मीही काढून टाकलं असतं."

तो माणूस उठला. जाता जाता त्याने रिकामं खोकं हातात घेतलं आणि मागचा मजकूर वाचला. शेवटपर्यंत वाचला. "हे कोणी लिहिलंय?"

मामा मान खाली घालून बसला होता, मामी आत होती, दोनशे खोकी पडवीत पांढरी पडली होती. आणि मी म्हटलं, "मी." इतक्या आनंदाने म्हटलं, की ते आठवलं की अजून कानशिलं तापतात.

पंधरा दिवसांनी शाळेच्या पत्त्यावर माझ्या नावाने पत्र आलं. आमच्या उत्पादनांसाठी आपला मजकूर आणि त्यातील पेद्रू हे नाव वापरण्यास आपली हरकत नसल्याबद्दल सही करावी. पत्रात मामाचं नाव नव्हतं, आचऱ्याचं नव्हतं, मामीच्या चॉकलेटचं तर नव्हतंच. पुढे मी स्वतःला सांगत राहिले, की मला वाटलं पुढच्या वर्षी ते माल घ्यायला येतील. तसं मला वाटलं नव्हतं. मी भाषेची पदवीधर आहे. वाक्यात काय लिहिलेलं नाही ते मला पहिल्या वाचनात दिसतं. पण त्यांनी मला 'लेखिका' म्हटलं होतं. आमच्या घरात हा शब्द कोणाच्या नावापुढे कधी लागला नव्हता. मी सही केली, खाली बी.ए. लिहिलं आणि पत्र स्वतः टपालात टाकून आले. मामाला सांगितलं ते नंतर. तो एवढंच म्हणाला, "तुझा लिवलेला तुझा. माझी काय हरकत?" मामी काही म्हणाली नाही. मामीने काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी प्रशिक्षणासाठी मला दिल्लीला जायचं होतं. विमानात बसायची माझी पहिलीच वेळ. त्या नव्या विमानतळावर मी ते दुकान शोधलं. चॉकलेटचं कपाट होतं, आणि त्यात सगळ्यात खालच्या कप्प्यात, गुडघ्याच्याही खाली, पेद्रू होता. सोनेरी खोकं, दाढीवाला खलाशी, मागे माझा मजकूर स्वल्पविरामासकट. खाली बारीक अक्षरांत दुसऱ्या राज्यातल्या एका कारखान्याचा पत्ता. मी वाकून खोकं काढलं आणि उभ्या उभ्या सगळं वाचलं. 'गोड कृतज्ञता' वाचताना या वेळी गहिवर आला नाही. खोकं होतं तिथे ठेवलं.

परत आल्यावर आचऱ्याला गेले तर मामा वाट पाहत बसला होता. कोणीतरी त्याला आधीच सांगितलं होतं. "पेद्रू थंय आसा म्हणतत," तो म्हणाला. "खयच्या कप्प्यात ठेवल्यानी?"

मामाच्या धंद्यात या प्रश्नाच्या पलीकडे काही नाही. डोळ्यांसमोरचा कप्पा मानाचा. खालचा, कंपनीला ज्याची फिकीर नाही त्याचा.

"डोळ्यांसमोर," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. "मगे बरा. कोण बघी होता काय?"

"एक बाई होती. पुरा वाचल्यान."

"उभ्या उभ्या?"

"उभ्या उभ्या."

"घेतल्यान?"

"नाय. परत ठेवल्यान."

मला वाटलं तो हिरमुसेल. पण तो खुर्चीत पुढे सरकला. इतक्या वर्षांत मला काही समजावताना मी त्याला पुष्कळदा पाहिलं होतं, मला धीर देताना पहिल्यांदा पाहत होते.

"मगे ती येतली," तो म्हणाला. "पुरा वाचून जी ठेवता ना, ती येता. येळ लागता, पण येता. तू वायट वाटून घेव नको. तुझा लिवलेला बरा आसा."

मी बरं म्हटलं. ती बाई कोण होती, हे मी त्याला तोंडाने सांगितलेलं नाही. तो मात्र अजून अधूनमधून विचारतो, ती परत आली असेल का म्हणून. मी म्हणते, येईल.